घरासोबत पाहुणेही

मी नझीफ दुलाकू, क्रूयाच्या डोंगरातला मेंढपाळ. छाती दगा देत असली तरी डोके ठिकाणावर आहे. कोणाच्याही दडपणाखाली न येता, अल्लाला स्मरून हे सांगतो. मला लिहिता येत नाही म्हणून लिहून घेतात मुल्ला इद्रीस.

१. मेंढ्या व शेळ्या पत्नी हातिजेच्या. हयात असेपर्यंत तिला या घरातून कोणी उठवू नये.

२. घड्याळ जावयाला. याहून जास्त काही देऊ नये, आणि सांगू तर मुळीच नये. दोन पेले पोटात गेले की त्याच्या तोंडाला कुलूप राहत नाही.

३. घर धाकटा भाऊ मेरसीन याला. त्याने माझी पाण्याची पाळी चोरली, माझा मका करपला, तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. मी ते विसरलेलो नाही. तरी घर त्यालाच, कारण घरासोबत पाहुणेही त्याच्याकडे जातात.

पाहुणे तिघे: नवरा, बायको, लहान मुलगी. बेलग्रेडहून जीव घेऊन पळालेले ज्यू. नावे लिहीत नाही; खालच्या गावात जर्मन झडत्या घेत आहेत. पाहुण्याला बाहेर काढणारा आमच्यात माणूस गणला जात नाही, हे मेरसीन जाणतो. माझी धास्ती वेगळी आहे. ते आले तेव्हा मी रिवाजाप्रमाणे मेंढा कापला. वास गावभर! हातिजे ओरडली, "अहो, यांना लपवायचंय की वरात काढायचीय?" मेरसीन माझ्याहून हौशी, तो दोन कापील. कृपा करून कापू नयेत. घेवडा आणि मक्याची भाकरी पुरे.

मुलगी घाबरली की आपल्या भाषेत आईला हाक मारते. तिला रागावू नये, पण अंगणात एकटी सोडू नये. या एका हाकेच्या भीतीने मला झोप लागत नाही.

४. मी गेलो की मयताला गाव लोटेल, माणसे थेट आतल्या खोलीपर्यंत शिरतील. म्हणून माझे डोळे मिटताच कोणी रडू नये. हातिजे, तू तर नाहीच. आधी पाहुणे मेरसीनच्या घरी पोचवावेत, दार लावलेले पाहावे, मग हवे तेवढे रडावे.

वाचून दाखवले, ऐकले, कबूल आहे.

क्रूयाचा डोंगर, फेब्रुवारी १९४४.
नझीफ दुलाकू (अंगठा)

साक्षीदार:
मुल्ला इद्रीस (सही)
मेरसीन दुलाकू (अंगठा). त्याच्या सांगण्यावरून त्याचे शब्द खाली लिहिले आहेत:
"तुझ्या मरणाची वाट कशाला बघू? तिघांना आत्ताच नेतो. आता सावकाश मर, दादा."