झाकण

४ मार्च

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

बाबांच्या मांडीचं हाड नीट बसलंय. पण घरच्या कुणीतरी 'अंडरटेक' केल्याशिवाय इस्पितळवाले त्यांना सोडणार नाहीत. मी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तुझं घर तळमजल्याला. तुझ्या नावाने हो सांगू का? आणि त्या शब्दाचा नेमका अर्थ कळव. इस्पितळातली बाई घाईघाईत सांगते, मला अर्धंच कळतं. तू इंग्रजी आपलं आपण शिकलास म्हणून विचारते.

लोभ आहे तो असू दे.
धाकटी

७ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

अर्थ दोन. काम अंगावर घेणं हा पहिला. ते करीनच असा शब्द देणं हा दुसरा. इस्पितळाला दुसरा हवाय. शेवटी 'र' लावलास तर प्रेताची व्यवस्था लावणारा होतो. तो इथे लागू नाही, उगाच घाबरू नकोस. हे तुला शाळेतले मास्तरही इतकं स्वच्छ सांगणार नाहीत.

आता राहिलं ते हो म्हणण्याचं. दुरुस्तीला आलेल्या शिलाई मशीनचं झाकण उघडून आत बघितल्याशिवाय मी कधी 'होईल' म्हणत नाही. शब्द द्यायचा आणि मशीन महिनाभर कोपऱ्यात लोटायचं, हे माझ्या दुकानात चालत नाही. तेव्हा बाबांचं काय काय करावं लागेल, ते सविस्तर कळव.

प्रकृतीला जप, माया राहू दे.
दादा

१० मार्च

ती. दादास,
सा. न.

अर्थ पोचले, उत्तर नाही पोचलं. सविस्तर हवंय ना? काखेत हात घालून उठवायचं, भांडं द्यायचं, कूस बदलायची, आणि वर त्यांची बोलणी खायची. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. हसले. म्हणाले, त्याला सांग, मला झाकण नाही. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

सोमवारी खाट रिकामी करायची आहे. दोन्ही पोरांना त्रास नको, मला वृद्धाश्रमात टाका, असं त्यांनी स्वतःच डॉक्टरांना सांगितलंय. तू गप्प राहिलास, तर तसंच होईल.

राग मानू नकोस, आणि मानलास तरी लिही.
धाकटी

१२ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

रविवारी टेम्पो घेऊन येतो. मागच्या खोलीचा उंबरा काढून टाकला. संडासात भिंतीला दांडी ठोकली आणि तिला स्वतः लोंबकळून पाहिलं, हलली नाही. खाट त्याच खोलीत, दुकानात उघडणाऱ्या दाराशी लावलीय, म्हणजे माझ्या कामात खोट काढायला त्यांना उठावं लागणार नाही. ते उजव्या अंगाने उठतात की डाव्या, तेवढं विचारून ठेव. अंदाजपंचे काम मला जमत नाही.

त्या घाईच्या बाईला माझं नाव दे. आणि बाबांना सांग, या खेपेला न उघडताच 'होईल' म्हटलंय.

भेटीअंती बाकीचं.
दादा