स्टीलमधली चांदी

३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा तेच! चौथ्यांदा! इन्क्युबेटर उघडला आणि प्लेट बघूनच वैताग आला. जंतूंच्या वसाहती इतक्या दाट की मोजताही येईनात. साध्या स्टीलवर जेवढे, तेवढेच चांदी मिसळलेल्या स्टीलवर. मग जंतू मारायला चांदी घालून उपयोग काय?

जानेवारीत याच स्टील कंपनीचे नमुने पास झालेले. भट्टीतून थेट आलेले चौकोनी तुकडे. तुकड्यावर जंतूंचा थेंब ठेवायचा, वर पातळ प्लास्टिक, चोवीस तास उबेत. तेव्हा जवळजवळ सगळे मेलेले. आता त्याच स्टीलच्या तयार रेलिंगचे कापलेले तुकडे पाठवलेत, आणि त्यांच्यावर जंतू मजेत!

रत्नदीप सरांना दाखवलं. लॅब त्यांची, म्हणजे चूक आमची. "ऐश्वर्या, हात नीट चालव. पुन्हा कर."

नऊ वर्षं हेच हात चालतायत की!

५ फेब्रुवारी, बुधवार

सगळं नव्याने केलं. जंतू नवे, पाणी नवं, तुकडे दोनदा निर्जंतुक केले. जेवायला तीन वाजले. उद्या बघू.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नापास.

दुपारी सुदेशचा फोन. हा कंपनीचा माणूस, कोलशेतच्या कारखान्यात बसतो. गोड बोलतो, तेच जास्त डोक्यात जातं. "मॅडम, मटेरियल तर सेम आहे. तुमच्याकडेच काही गडबड नाही ना?" फोन स्पीकरवर, सर बाजूलाच उभे. मान हलवत होते, त्याच्या बाजूने!

डोंबिवलीला पोचेपर्यंत नुसती धुसफुसत होते. घरी आईवर ओरडले. तिने फक्त विचारलेलं, भाजी कुठली करू.

८ फेब्रुवारी, शनिवार

सरांनी माझ्याकडून काम काढून शेजारच्या टेबलावरच्या संचिताला दिलेलं. आज तिचा निकाल आला. सेम टू सेम! "सॉरी गं," म्हणाली, "मला खरंच वाटलेलं तुझंच काहीतरी चुकतंय." आनंद मानू की रागवू?

सरांचं आता नवीनच. "जानेवारीचा रिपोर्ट आहे ना? रेलिंगलाही तोच लावू. स्टील तेच आहे."

मी नाही म्हटलं. सरळ नाही.

"मग कारण सांग. नुसतं नाही म्हणू नकोस."

हे मात्र बरोबर बोलले. कारण माझ्याकडे नाहीच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कारण अजून सापडत नाही. डोकं बधिर झालंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सुदेशला खोदून खोदून विचारलं — रेलिंग बनल्यावर जातं कुठे? तर पॉलिशला. आणि पॉलिशवाला कुठे? इथेच वागळे इस्टेटमध्ये, आमच्या लॅबपासून दोन गल्ल्या सोडून!

जेवणाच्या सुट्टीत गेले. देवरामकाका, साठीचे, कोपरापर्यंत रबरी हातमोजे. विचारलं, काय काय करता?

"घासतो, चमकवतो, मग ॲसिडात टाकतो अर्धा तास. गंज धरत नाही मग."

"कुठलं ॲसिड?"

"नायट्रिक. दुसरं कुठलं?"

नायट्रिक! नायट्रिक ॲसिड स्टीलचं काही वाकडं करत नाही, पण चांदी विरघळवून टाकतं! कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकलेले. स्टीलमध्ये चांदीचे बारीक बारीक कण असतात. वरचे कण ॲसिडने खाल्ले, आतले आतच राहिले. जंतू बसतात वर! आणि जानेवारीचे तुकडे काकांकडे आलेच नव्हते. दोन आठवडे मी स्वतःच्या हातांना शिव्या घालत होते!

माझ्याकडे बघून काकांचा चेहरा उतरला. "माझं चुकलं का, पोरी?"

"तुम्हाला सांगितलेलं का कोणी, यात चांदी आहे म्हणून?"

"स्टीलात चांदी? कोण सांगणार मला!"

त्यांनीच पॉलिश पेपर दिला. लॅबमध्ये परत येऊन उरलेल्या तुकड्यांपैकी निम्मे चांगले खरवडले, वरचा थर निघेपर्यंत. लगेच टेस्टला लावले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

खरवडलेल्या तुकड्यांवर तीन वसाहती. न खरवडलेल्यांवर गच्च!!

सरांनी आकडे दोनदा वाचले. "लिही रिपोर्ट. नापास, आणि कारण." सॉरी वगैरे काही नाही. नसू दे. आज आईसाठी खरवस नेला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

रिपोर्ट वाचून सुदेशचा फोन आला. पहिल्यांदाच अडखळत बोलत होता. "मॅडम, हे तुकडे फक्त जाहिरातीसाठी टेस्टला दिलेले. रेलिंग तर... जानेवारीतच बसवलंय. कल्याणला, एका हॉस्पिटलमध्ये."

कुठल्या वॉर्डात?

"तान्ह्या बाळांच्या."

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळीच कल्याणला गेले. अकरा पाळणे, अकराही भरलेले. प्रत्येकाला ते चकचकीत रेलिंग. शेवंती सिस्टरना विचारलं, हे दिवसातून किती वेळा पुसता?

"आधी चार वेळा पुसायचो," त्या हसून म्हणाल्या. "आता आठवड्यातून एकदा. चांदीचं आहे ना!"

मी सगळं सांगितलं. त्या आत जाऊन जंतुनाशक औषधाची बादली आणि दोन फडकी घेऊन आल्या. एक माझ्या हातात दिलं.