चैत्राचा दम

प्रिय नागरत्नाअक्का,

तू मेहकर सोडून कमलनगरला गेल्यापासून तुझी खुशाली पुसायला मला तोंड न्हाई. आजबी न्हाई. तरी लिहायलेय. आपली चैत्रा गेली. मागच्या मंगळवारी, बिदरच्या दवाखान्यात, न्यूमोनियानं. अकरावं चालू होतं.

दिवाळीनंतर तिला दम लागतोय म्हणून दाखवलं होतं. हृदय चांगलं निघालं. मग डॉक्टरनं श्वासाचा जोर मोजायच्या नळीत जोरात फुंकायला लावलं. काटा हललाच न्हाई म्हण. ती बया खेळ समजून हसायली. डाऊन सिंड्रोमच्या लेकरांचे स्नायू मुळातच ढिले, म्हणून त्यांना जास्तच चालवायचं, पळवायचं असतं, तुम्ही काय करत होता, असं डॉक्टरनं विचारलं. काय सांगू? नऊ वर्षांची झाली तरी मी तिला कडेवर घेत होते. देवाचं लेकरू म्हणून बायका सोमवारी तिच्या पाया पडायच्या. त्या पायांना माती लागू नये म्हणून सासूबाई तिला ओट्यावरून उतरू देत नव्हत्या. मलाबी बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? पोरगी जन्मली तवा ह्याच बायका मला नावं ठेवत होत्या.

तुझ्या वर्गात सोडली की तू मात्र शाळेच्या पटांगणात तिला पळवायचीस. संगं गुरुबाईची लेक रेणुका, तीबी चैत्रासारखीच. दोघींना फुगे फुगवायला लावायचीस. चैत्रा लालबुंद होऊन, धापा टाकत घरी यायची, पण खूश असायची. एकदा ताप भरला, नि तू लेकराचा जीव घ्यायलीस म्हणून मी चावडीपुढं बोंब ठोकली. गावानं तुझा वर्ग बंद पाडला. अक्का, ताप आदल्या दिवशीपासूनच होता. मला ठावं होतं.

चालती-फिरती ठेवली असती तर कदाचित झुंजली असती, खात्री न्हाई, असं डॉक्टर म्हणाले. त्या ‘कदाचित’नं जीव खाल्लाय माझा.

आता बायका रेणुकाच्या पाया पडायल्यात. गुरुबाईनं तिला ओट्यावर बसवलंय. दोन पायऱ्या चढली की पोरगी धापा टाकते. मी सांगाय गेले, तर माझी गेली म्हणून तिच्या पोरीवर जळायलेय म्हणाली. माझं कोण ऐकणार? तू ये, तिला परत पळव. तापाचं खरं काय ते मी चावडीपुढं उभी राहून सांगते. मग माझ्या तोंडावर थुंकलीस तरी चालंल. रेणुका अजून आठचीच आहे.

तुझीच,
राजूबाई