दाण्याएवढा रेझिस्टर

फ्रीमाँट, गुरुवार संध्याकाळ

नाही, उद्या मी नव्या सर्किट बोर्डाला शेवटचा साइन-ऑफ देणार नाही.

त्यावरच्या व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून करंट किती जातो ते मोजायला आज लॅबमध्ये त्याच्या वाटेत एक रेझिस्टर लावला. तांदळाच्या दाण्याएवढा. स्क्रीनवरची व्होल्टेजची रेघ एकदम शांत! कालपर्यंत हीच थरथरत होती ना? शेजारच्या बेंचवरचा नितीन खूश. "यार, झालं की! बोर्ड बनवायला पाठव."

मीही खुळी, सगळ्यांना मेल टाकून मोकळी झाले: प्रॉब्लेम सुटला.

घरी येताना फ्रीवेवर अडकले, तेव्हा डोक्यात आलं. थरथर थांबवली कुणी? त्या दाण्यानेच. फिल्टर आहे तसाच आहे. आणि दाणा तर मोजण्यापुरता, विकायच्या बोर्डावर तो नसणारच.

गाडीतूनच नितीनला फोन केला. म्हटलं, उद्या सगळ्यांसमोर तो काढून दाखवणार, मग बोर्डावर त्याच्यासाठी कायमची जागा मागणार.

"अगं, पण तो टेंपररी आहे!"

"आपल्या व्हिसावरही तेच लिहिलंय, नितीन. काम कोण करतंय?"

मग म्हणाला, "सकाळी लवकर ये. मी बेंच लावून ठेवतो."