लोक म्हणतील, नवऱ्यानंच लिहिलं

माझी म्हणायची सोय उरली नाही अशा सिदोनीस,

काल आमच्याकडे वॉफल खाताना बाबांनी तुझी कादंबरी हातात घेतली आणि डोळा मारला. "खरं सांग पोरी, आमच्या ओदिलॉननं किती पानं लिहून दिली?"

मी टेबलावर मूठ आपटली. "अहो, निबंधात नापास होऊन कॉलेज सोडलंय मी!"

"बघा, कसा लाजतोय!" आत्या म्हणाली. सगळे आणखीच हसले. तू कप खाली ठेवलास.

नंतर पुलावर मी लग्नाचं विचारलं, तेव्हा म्हणालीस, "वेड्या, आपल्या फ्लेमिश भाषेत बाईच्या नावानं कादंबरी आत्ता कुठे छापली जातेय. तुझं आडनाव लावलं, की माझं प्रत्येक वाक्य तुझं होईल. जीव आहे माझा तुझ्यावर, पण पुस्तकं नाही देणार."

मी ओरडलो, टोपी नदीत फेकली. पण तुला खोटं पाडणारं एक वाक्य सुचलं नाही. गेंट शहरभर माझ्या बाबांसारखेच लोक आहेत.

हे पत्र पाठवत नाही. उद्या ते तुझ्या कागदांत सापडलं, तर माझ्या अक्षराकडे बोट दाखवून म्हणतील, "बघा, लिहिणारा हाच." म्हणून चुलीत टाकतोय.

तुझाच, पण तुझ्या नावापासून लांब,
ओदिलॉन