पाय दाखवण्याची तयारी

५ मार्च

थंडी संपत आली तरी या वहीत एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल वहीची माफी मागतो. लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं म्हणणार होतो, पण स्वतःशी खोटं बोलायचं नाही हा इथला नियम आहे. खरं कारण राग. रागात लिहिलेलं एकतर्फी होतं म्हणून थांबलो होतो. राग आजही आहे. पण आजचा रास्त आहे.

मुख्याध्यापिका बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, सर, तुम्ही हल्ली पाय टाकता कसे ते बघितलंय का? परवा जिन्यात धडपडलात, पोरांनी धरलं. पायांच्या क्लिनिकला दाखवा आणि सगळं ठीक आहे असं लिहून आणा. नाहीतर यंदा परीक्षेचे राउंड केमिस्ट्रीच्या सरांकडे देते.

केमिस्ट्री! वर्गात पोरं एकमेकांच्या मांडीवर पुस्तकं उघडून बसली तरी हा माणूस खिडकीतून पाखरं बघत उभा राहील. या शाळेत कॉपी बंद झाली ती माझ्या राउंडमुळे. पोरं मला मागून ‘दुर्बीण’ म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि मी ते पदक समजतो.

माझ्या पायांना काहीही झालेलं नाही. उलट मागच्या वर्षी तळव्यांची आग व्हायची, मुंग्या यायच्या, झोप लागायची नाही. ते सगळं आपोआप थांबलं. आता काही म्हणजे काही जाणवत नाही. याला सुधारणा म्हणतात.

६ मार्च

बायकोने मला न विचारता क्लिनिकची वेळ घेतली. मंगळवारची. विचारलं, कुणाला विचारून? म्हणाली, तुमच्या पायांना.

रिसेप्शनवरच्या बाईचा फोन आला. आवाज गोड, मजकूर अपमानकारक. रोजचे, झिजलेले बूट घेऊन या. पायाला तेल, क्रीम काही लावू नका. नखं, कुरूप, घट्टे घरी कापू नका, जसे आहेत तसे दाखवा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या बरोबर आणा. पँट गुडघ्यापर्यंत वर जाईल अशी घाला. सोबत कुणीतरी आणा. आणि शुगर असेल तर लपवू नका.

लपवू नका! मी काय लपवतो आहे, हे या बाईला फोनवरून दिसलं का?

मी तिला म्हणालो, पाय बघायला येतोय, झडती द्यायला नाही. ती म्हणाली, हो काका. काका! माझं वय तिने आवाजावरून ठरवलं.

नंतर शांतपणे विचार केला. मी तिच्याशी उद्धटपणे बोललो का? प्रामाणिकपणे सगळ्या बाजूंनी तपासलं. नाही बोललो.

७ मार्च

तयारी सुरू. या सूचना अडाणी लोकांसाठी असतात. घाण पाय डॉक्टरपुढे ठेवणं हा डॉक्टरचा अपमान, एवढं ज्याला कळतं त्याने आपल्या बुद्धीने चालावं.

पाय गरम पाण्यात ठेवले. पाणी मला कोमट वाटलं. बायकोने बोट घातलं आणि ओरडली, अहो, यात बटाटे शिजतील! बायका एवढ्यातेवढ्याने घाबरतात. पाय लाल झाले, म्हणजे रक्ताभिसरण उत्तम.

मग ब्लेडने उजव्या अंगठ्याखालचं कुरूप काढलं. एका बैठकीत, मुळापर्यंत. जराही दुखलं नाही. थोडं रक्त आलं, पण वेदना शून्य. माझा हात इतका हलका असेल याची मला कल्पना नव्हती. पेशा चुकला की काय, असं क्षणभर वाटलं.

मुलगी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, बाबा, त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं ना? मी म्हणालो, तू अभ्यास कर. ती म्हणाली, माझी सुट्टी आहे. मी म्हणालो, म्हणूनच.

८ मार्च

नवे बूट घेतले. पातळ तळ, मऊ, हलके, काळे. जुने बूट डाव्या बाजूने झिजलेत, उजव्याचं अस्तर फाटलंय. ते घेऊन चारचौघांत बसायचं? परीक्षेला जाताना मुलगा फाटकी वही घेऊन जातो का?

दुकानदार दोनदा म्हणाला, साहेब, एक नंबर मोठा बघा, बोटं दबतायत. मी म्हणालो, मला काही दबल्यासारखं वाटत नाही. पाय माझा आहे.

१० मार्च, सकाळ

आज क्लिनिक. गोळ्यांच्या डब्यातून व्हिटॅमिनची पट्टी घेतली. शुगरच्या गोळ्या घेतल्या नाहीत. त्या मी तशाही पावसाळ्यापासून बंद केल्यात. जी गोळी घेत नाही ती ‘चालू’ कशी म्हणायची? रिसेप्शनच्या बाईचा शब्द ‘चालू’ असाच होता. मी शब्दाला जागणारा माणूस आहे.

१० मार्च, संध्याकाळ

पास.

पण आधी तक्रारी. बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या. भिंतीवर पायाचं एक चित्र, हाडांसकट. समोरच्या आजी आपली चप्पल पिशवीत घालून मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, तुमची कुठाय? मी नवे बूट दाखवले. आजी म्हणाल्या, अगंबाई, हे नवे बूट डॉक्टरांना काय सांगणार?

डॉक्टर म्हणजे मुलगी होती हो! माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची. बायकोला आत यायचं होतं, मी तिला बाहेर बसवलं. डॉक्टरीणबाईंनी बूट उलटे करून बघितले आणि कपाळावर हात मारला. म्हणाल्या, झिजलेला तळ बघून कळतं माणूस वजन कुठे टाकतो ते. हे तर कोरे आहेत! मी म्हणालो, स्वच्छ आहेत. त्या म्हणाल्या, तेच तर.

मग अंगठ्याखालचा खड्डा बघितला. कुणी कापलं? मी म्हणालो, ते गेलं. म्हणजे कसं गेलं? मी म्हणालो, निघालं. दुखलं? अजिबात नाही. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. शुगर आहे का? मी म्हणालो, एकदा कुणीतरी सीमेवर आहे म्हणालं होतं. सीमेवर म्हणजे आत नव्हे. हे वाक्य मला तिथल्या तिथे सुचलं.

मग परीक्षा. आडवं व्हायचं, डोळे मिटायचे, त्या नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला कुठेकुठे टेकवणार. जिथे जाणवेल तिथे ‘हो’ म्हणायचं. स्पर्श कळतो की नाही, बस एवढंच. म्हणाल्या, सर, इथे नापास होण्यासारखं काही नसतं. नसतं कसं? त्या कागदावर माझे राउंड अवलंबून होते.

डोळे मिटले. पापण्या म्हणजे काही लोखंडी शटर नव्हे, खालून थोडी फट राहतेच. त्या फटीतून त्यांचा हात दिसत होता, यात माझा दोष नाही. हात पुढे आला की ‘हो’. हात मागे गेला की गप्प. एकदा त्यांनी हात नुसता पुढे आणला, दोरा टेकवलाच नाही. तीही चलाखी मी ओळखली. शिकवणाऱ्याची नजर असते.

सगळी उत्तरं बरोबर. त्या गोंधळल्यासारख्या दिसल्या. म्हणाल्या, स्पर्श तर छान आहे, मग चाल अशी का? शेवटी लिहून दिलं: पायाची संवेदना ठीक. पण शुगर तपासून रिपोर्ट दाखवा, जखम कोरडी ठेवा, रोज दोन्ही तळवे बघत जा, दिसत नसतील तर खाली आरसा धरा. मी आरशात चेहरा बघत नाही, तिथे पाय कुठे बघू?

स्वतःला विचारलं: हे योग्य झालं का? नीट विचार केला. चाचणी कशाची होती? मला कळतं की नाही याची. मला कळलं. कसं कळलं हा त्यांच्या पद्धतीतला दोष.

११ मार्च

कागद बाईंच्या टेबलावर ठेवला, जरा जोरातच. त्या म्हणाल्या, छान झालं सर. स्टाफरूममध्ये केमिस्ट्रीचे सर म्हणाले, सुटलो बुवा! हे बोलणं मला मुळीच आवडलं नाही. पराभव असा हसतमुखाने स्वीकारणं हा एक प्रकारचा अपमानच.

१३ मार्च

परीक्षा सुरू. हॉलमध्ये बाक लावायचं काम सकाळपर्यंत चाललं होतं, सुतार अजून एक पाय ठोकत बसला होता. जमिनीवर भुसा, खिळे, फळ्यांचे तुकडे. शिपायाला झापलं. मग राउंड.

आणि आज मी या शाळेच्या इतिहासातली सर्वांत धूर्त कॉपी पकडली. म्हणजे जवळजवळ पकडली.

गणिताच्या पेपराला हॉलमध्ये आवाज. टक्. टक्. टक्. कुणीतरी फरशीवर खुणा करतंय. मी थांबलो. आवाज थांबला. चालायला लागलो, पुन्हा टक्, टक्. माझ्यावर पाळत! मी हलेन तेव्हाच संदेश पाठवायचा, म्हणजे माझ्या पावलांत तो लपून जाईल. बनाव बघा!

पाऊल हळू टाकलं, टकटक हळू. भरभर गेलो, भरभर. बाहेर व्हरांड्यात गेलो तर आवाज तिथेही. म्हणजे बाहेरही साथीदार आहेत.

परत येऊन सगळ्यांचे कंपास उघडायला लावले. चपला-बूट काढायला लावले. शेवटच्या बाकावरची पोरं खाली मान घालून हसत होती. एक म्हणाला, सर, आवाज तुमच्याबरोबर फिरतोय. मी त्याची उत्तरपत्रिका काढून घेतली. तो रडायला लागला. रडणं हा कबुलीजबाबच. जरा वेळाने परत दिली, कारण मी निर्दय नाही. पण त्याचा वेळ गेला तो गेला.

बाई धावत आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, सर, आज जरा घरी जाऊन आराम करा. कट किती वरपर्यंत गेलाय ते तेव्हा कळलं.

उद्या संचालकांना भेटायचं. सविस्तर निवेदन द्यायचं. पूर्ण चौकशीची मागणी.

१३ मार्च, नंतर

निवेदन लिहिलं नाही.

दारात बूट काढत होतो, निघेना. बायको म्हणाली, थांबा, मी ओढते. तिने ओढला आणि हातातला बूट तसाच धरून खाली बसली. मोजा टाचेपासून पुढे सगळा लाल. बुटाच्या पातळ तळातून सुताराचा खिळा आत आलेला होता. डोकं बाहेर, फरशीला लागणारं. टोक माझ्या पायात होतं. सकाळपासून.

मुलीने विचारलं, बाबा, दुखत नव्हतं का हो? मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही.

फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. इंजेक्शन, ड्रेसिंग. रक्त तपासलं. शुगरचा आकडा त्यांनी मला न सांगता बायकोला सांगितला. पाय वाचेल ना, असं तिने विचारलं. ते म्हणाले, वेळेवर आलात, पण आता हयगय नको. स्पर्शच कळत नाही यांना, हे त्या क्लिनिकमध्ये कसं लक्षात आलं नाही?

बायको भडकली. इतकी भडकलेली मी तिला कधी बघितली नाही. त्या डॉक्टरीणबाईंना जाऊन जाब विचारते म्हणाली. एवढी साधी गोष्ट कळली नाही, कसली शिकलेली म्हणायची! येताना रस्ताभर त्यांना शिव्या घालत होती. मला एकदाही तिला दुजोरा देता आला नाही, आणि थांब असंही म्हणता आलं नाही.

आता ती शेजारच्या खोलीत तक्रार लिहितेय. त्या डॉक्टर मुलीचं नाव मोठ्या अक्षरात.

उद्या: बायकोच्या आधी क्लिनिकला फोन करून सांगणे, की चाचणीच्या वेळी माझे डोळे उघडे होते.