पाठकोऱ्या कागदांवरचं यान

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्ष वाकवत नाही, तेव्हा कागदावरच घालते. देवालाही हल्ली असाच पोचतो आणि त्याची अजून तक्रार नाही.) तुझा खोकला उतरला का? भावोजींच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का? इकडे देवाच्या कृपेनं सगळे खुशाल. ह्यांच्या पायावर किटलीतलं पाणी सांडलं खरं, पण फोड आला नाही. शिवाय ते विज्ञानासाठी सांडलं, त्यामुळे ह्यांना फारसं बोलताही येत नाही.

तुला ठाऊकच आहे, आमची सूनबाई त्या आकाशातल्या यानांवर लक्ष ठेवणाऱ्या कचेरीत आहे, जिथे हे पस्तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर होते. तिच्या वाट्याला आलेलं यान तिच्या जन्माआधी निघालेलं. आता ते इतकं लांब गेलंय की आज सकाळी हाक मारली तर ओ उद्या सकाळी येते. आणि बोलतं कशावर, तर आपल्या देवघरातल्या लहान बल्बला लागते तेवढ्या विजेवर. (ह्यांना म्हटलं, काटकसर शिकायची तर त्याच्याकडून शिका. हे म्हणाले, त्याला तुझ्यासारखी मालकीण मिळाली असेल.)

तर हे यान मागे पडतं. गणितानं जिथे असायला हवं त्याच्या किंचित अलीकडे सापडतं. वर्षाकाठी कोट्यवधी मैल चालायचं आणि त्यात दोन-तीन हजार मैल कमी भरायचे, म्हणजे तांदळाच्या अख्ख्या पोत्यात पंचवीस-तीस दाणे कमी. तू म्हणशील, एवढ्यासाठी कोण रडतं? ताई, मी रडते. आमचा सिलिंडर चाळीस दिवस जातो आणि तो एकोणचाळिसाव्या दिवशी संपला की मी घर डोक्यावर घेते. त्यामुळे सूनबाईची ही एक गोष्ट मला पहिल्यापासून कळली. बाकीच्या कळायला वेळ लागला.

तिचे साहेब मात्र निराळे. घरात आम्ही त्यांना शून्यसाहेब म्हणतो, कारण कुठलाही फरक निघाला की ‘तो शून्य धरा’ हा त्यांचा मंत्र. गेल्या महिन्यात ते सूनबाईला सगळ्यांदेखत म्हणाले, ‘बाई, घरी सामानाची यादी चुकली तर चालतं, इथे चालत नाही.’ हे तिनं घरी येऊन सांगितलं आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सामानाची यादी चुकली तर चालतं? मॅट्रिकला गणितात शंभरापैकी ब्याण्णव मिळवून मी या घरात आले, ते यादी चुकवायला? त्या दिवसापासून यानाचा प्रश्न हा माझाही प्रश्न झाला.

कारणं पुष्कळ निघाली होती. कुणी म्हणे वाटेत धूळ आडवी येते, कुणी म्हणे न दिसणारा एखादा ग्रह मागे ओढतो. एका तरुण विद्वानानं तर निसर्गाचा नियमच चुकलाय असं लिहून दिलं. (त्याच्यासाठी मी त्या दिवशी एक माळ जास्त ओढली.) सूनबाईचं म्हणणं साधं होतं. म्हणाली, ‘आई, बाहेरचं कुणी काही करत नाही. ते स्वतःच्याच उष्णतेनं मागे रेटलं जातंय.’ यानाच्या पोटात एक तापट द्रव्य असतं, त्याच्या उष्णतेतून वीज होते आणि उरलेली ऊब अंगातून बाहेर पडत राहते. ती चारी बाजूंनी सारखी गेली तर काही नाही. पण हिच्या यानाच्या तोंडाकडून ती जरा जास्त जाते, आणि जिकडून ऊब निसटते त्याच्या उलट बाजूला यान ढकललं जातं. म्हणजे पुढे ऊब, मागे यान.

ऊब ढकलते हे काही माझ्या पचनी पडेना. म्हणून मी प्रयोग केला. स्वयंपाकघरात पंख्यासाठी ठोकलेला हूक रिकामाच आहे (पंखा बसवायचा विचार अठरा वर्षं चालू आहे). त्याला सुतळीनं किटली टांगली, आत उकळतं पाणी, आणि ती कुठे सरकते हे बघायला ह्यांना समोर खुर्चीवर बसवलं. किटली खरंच सरकली, ह्यांच्या बाजूला. मी ‘सरकली, सरकली!’ म्हणून ओरडले, हे दचकून उठले, डोकं किटलीला लागलं आणि पुढचं सांगितलंच. सूनबाई धावत आली, आधी थंड पाणी ओतलं, मग खिडकी उघडी होती आणि वारा होता हे दाखवलं, आणि मग ओट्याला टेकून जी हसत सुटली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नऊ वर्षांत माझ्या स्वयंपाकघरात ती मोठ्यानं हसल्याचं मला आठवत नाही. हसू आवरल्यावर तिनं सांगितलं की या उबेचा रेटा इतका क्षीण, की त्यानं खसखशीचा एक दाणाही उचलला जायचा नाही. पण अडवणारं काही नाही आणि रेटा रोज, न चुकता, एकाच दिशेनं. वर्षानुवर्षं असं झालं की हजारो मैल मागे.

आता ताई, म्हणणं एक आणि पुरावा एक. पुरावा म्हणजे यान सुरुवातीच्या वर्षांत किती तापलेलं होतं त्याचे आकडे. ताप ओसरत गेला तसा रेटाही ओसरला, हे जुळलं की झालं. पण ते आकडे ज्या फितींवर उतरवले होते त्या तळघरात ओल लागून वाया गेल्या, आणि मूळचे छापील कागद त्याआधीच रद्दीत निघाले होते. येत्या वीस तारखेला समिती बसणार. तोवर पुरावा नाही आला, तर ‘मोजणाऱ्यांची चूक’ असा शेरा मारून काम बंद आणि यानाचं बोलणं ऐकणारी मोठी तबकडी दुसऱ्या कामाला. परवा दुपारी सूनबाई ओट्याशी उभी राहून म्हणाली, ‘आई, चूक माझी असती तर मी कबूल केली असती हो.’ एवढंच. आणि चहासाठी साखरेचा डबा काढायला हात वर केला तो तसाच राहिला.

डब्याखाली फळीवर अंथरलेला कागद होता. लांबलचक, कडेला भोकं असलेला, आकड्यांच्या रांगांचा. ‘हे कुठून आलं?’ तिचा आवाज असा, की मला वाटलं झुरळ निघालं. हे पेपरमागून म्हणाले, ‘कचेरीतलं. फेकणार होते, मी विचारून आणलं. एक बाजू कोरी, हिला पाठकोरे कागद लागतात ना!’ ताई, चौदा वर्षांपूर्वी ह्यांनी सहा गठ्ठे आणले होते आणि मी त्या दिवसापासून आजवर वही विकत घेतलेली नाही.

मग घर उपसलं. फळ्या, माळा, सिलिंडरच्या नोंदी, धोब्याच्या याद्या. मी गठ्ठ्यातलं वरचं पान आधी वापरते आणि प्रत्येकावर तारीख घालते, त्यामुळे सूनबाईला क्रम लावायला अर्धा तास लागला. म्हणाली, ‘आई, आमच्या दप्तरापेक्षा हे नीट आहे.’ (हे शून्यसाहेबांच्या कानावर घालायला मी सांगितलंय.) अडचण आली ती जपाच्या पानांची. सात वर्षं देवाचं नाव लिहिलेली पानं कचेरीत कशी द्यायची? अंघोळ करून देवापुढे बसले, विचार केला, आणि वाटलं, त्याचं नाव एका बाजूला आणि त्याच्याच आकाशातला ताप दुसऱ्या बाजूला. त्याला चालेल. दिली.

तरी दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाची पानं मिळाली नाहीत. नेमका ताप जास्त असतानाची. सूनबाईनं विचारलं, मधली कुठे गेली असतील? मी म्हटलं, बंबात गेली असतील. ती म्हणाली, ‘असू दे. मिळाली तीही तुमच्यामुळेच.’

असो. जास्त काय लिहू! चिरंजीव जहाजावर मजेत आहेत. खोकल्याला हयगय करू नकोस. भावोजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. : बंबात एकही पान गेलेलं नाही. मधली तिन्ही वर्षं तुझ्याकडे आहेत. तुझ्या पत्रांसाठी मी एक गठ्ठा वेगळाच ठेवला होता; गेल्या नऊ वर्षांत तुला लिहिलेली माझी पत्रं उलटून बघ. तू ती सगळी जपून ठेवतेस हे मला माहीत आहे. एकूण एक रजिस्टर पोस्टानं पाठव, सोळा तारखेच्या आत पोचतील अशी.

ता. क. दुसरा : त्यांत काय लिहिलंय हे तुला सांगायला नको. ती अर्धा चहा टाकून जाते इथपासून ते माझ्या मुलापेक्षा तिला पत्र्याचं यान प्यारं इथपर्यंत. नावं खोडून पाठव असं लिहिणार होते, पण इथल्या एका पानाच्या कोपऱ्यावर करून पाहिलं तर शाई पलीकडे फुटते आणि आकडे वाचता येत नाहीत. कात्री तर लावूच नकोस. जशीच्या तशी पाठव, वाचेल तर वाचेल. ही पोर आपल्यापासून जरा लांबच का राहते याचा ताळा मी नऊ वर्षं करत होते. तिचं माहेर धरलं, तिचं शिक्षण धरलं, तिची नोकरी धरली. माझ्याकडून रोज थोडा थोडा जाणारा रेटा तेवढा मी शून्य धरला होता.

ता. क. तिसरा : हे पत्र विकतच्या नव्या कागदावर दोन्ही बाजूंनी लिहिलंय. याच्यामागे कसलाही ताप नाही, त्यामुळे हे परत पाठवायची काहीच गरज नाही. पण गठ्ठा बांधताना चुकून हेच सगळ्यांत वर राहिलं, तर मी तुला बोल लावणार नाही.